अण्णांचं तिकीट

चहाचं बोलावणं पोस्टाने पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावर दोन मजले. हॅम्बर्गच्या त्या घरात आम्ही राहायला जाऊन आठवडा झाला असेल. खालच्या ब्रीफकास्टनमध्ये, म्हणजे टपालपेटीत, वीजबिलाबरोबर एक कार्ड निघालं. स्वच्छ, गोल देवनागरी अक्षर. ‘परवा संध्याकाळी चहाला यावे. चिवडा आहे. तिसरा मजला, डावीकडे.’ खाली सही नाही, काही नाही. आता परवा म्हणजे कुठून मोजलेला परवा? शिक्का बघितला तर तो दोन दिवसांपूर्वीचा. म्हणजे परवा म्हणजे आज! नवरा म्हणाला, “कुणीतरी गंमत करतंय.” मी म्हटलं, “अरे, हॅम्बर्गात चिवड्याची गंमत कोण करेल?” आणि आम्ही गेलो.

दार उघडलं आणि आधी दिसली ती शर्टाची तिसरी गुंडी. चेहऱ्यासाठी मान वर करावी लागली. सहा फुटांच्या चांगलंच वर, काटकुळे, चौकट कपाळाला लागू नये म्हणून सवयीने मान थोडी खाली. “आलात? म्हणजे पोस्ट अजून चालू आहे,” हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

हेच आमचे अण्णा. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते मी इथे लिहिणार नाही. गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना अण्णाच म्हणत. त्यातून एक घोटाळा कायमचा झाला होता. जर्मनीत आना हे बाईचं नाव. जिन्यात आम्ही सारखं ‘अण्णा, अण्णा’ करायचो, तर तळमजल्यावरच्या आजीबाईंनी मला एकदा हळूच विचारलं की वरच्या त्या उंच गृहस्थांकडे कोण आना राहते, आणि ती कधीच कशी दिसत नाही? मी हे अण्णांना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, “सांग, लाजाळू आहे.” आजीबाई दर नाताळला त्या लाजाळू आनासाठीही बिस्किटं पाठवत राहिल्या, आणि अण्णा ती खात राहिले.

नोकरीत असताना अण्णांनी विमानं आतून सजवली. इंजिनं, पंख वगैरे दुसऱ्यांकडे. यांच्याकडे खिडकीभोवतीची चौकट, डोक्यावरचे सामानाचे कप्पे, दोन पत्र्यांमधली फट. ती फट जन्मभर डोळ्यांत राहिली. आमच्याकडे जेवायला आले की आधी स्वयंपाकघरातली कपाटांची दारं उघडून-लावून बघायचे. पानात वाढलेली चटणी, कोशिंबीर, लोणचं एका ओळीत नसेल तर वाटी बोटाने सरकवून गेनाऊ, म्हणजे अगदी नेमक्या, जागेवर आणायचे, मग पहिला घास. कार्डावर तिकीट लावताना स्टीलची पट्टी घेत. “तिकीट वाकडं लावणाऱ्याशी सोयरीक करू नये,” हे त्यांचं मत. व्हॉट्सअॅप त्यांना येत नव्हतं असं नाही. आवडत नव्हतं. “फुकटचा निरोप आणि फुकटचा सल्ला, दोन्ही या कानातून त्या कानात. निरोपाला तिकीट लागलं की माणूस विचार करून बोलतो.” एकदा आमच्या नळाचं पाणी खाली गळत होतं, तेसुद्धा त्यांनी आम्हाला कार्डाने कळवलं. कार्ड येईपर्यंत आजीबाईंचं छत भिजलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, “त्यात पोस्टाची काय चूक?”

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आमच्या ओळखीतली सगळी पोरं तशीच. अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “बाळ, मला जर्मन येत नाही.” चाळीसहून अधिक वर्षं या देशात काढलेला माणूस! तिने विश्वास ठेवला. चिवडा हवा असेल तर मराठीत मागावा लागे, त्यामुळे मुकाट्याने मराठी बोलायला लागली. पुढे एकदा बेकरीत तिने त्यांना पावाच्या शिळेपणावरून अस्खलित जर्मनमध्ये भांडताना ऐकलं आणि रडत घरी आली. अण्णांनी तिची समजूत काढली ती अशी, “भांडणापुरतं येतं गं. बाकी नाही.”

बायकोला ते ‘आमची ही’ म्हणत. आमची ही बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, आम्ही तिला पाहिलंच नाही. ती जर्मन, आणि पोस्टाच्या खिडकीवर कामाला. अण्णा नव्याने आलेले, एकटे, उंच आणि लाजरे. तिच्याशी बोलायचं तर खिडकीवर काहीतरी काम पाहिजे. म्हणून एकेक तिकीट विकत घ्यायला लागले. घेतलेलं तिकीट वाया कसं घालवायचं? म्हणून मिरजेला थोरल्या बहिणीला पत्र. रोज एक तिकीट, रोज एक पत्र. त्यात लिहायला काय असणार, इथे थंडी आहे, बटाटे स्वस्त आहेत, सुखरूप आहे. महिनाभर हा मारा झाल्यावर आक्काचं उलट टपाली उत्तर आलं, एका ओळीचं : ‘पोस्टात कोण आहे?’

हे सांगताना अण्णा हमखास मांडीवर थाप मारायचे. “आल्झो, म्हणजे बघ, मी हिला अजून काही बोललो नव्हतो. आणि मिरजेत बसून आक्काला कळलं!”

लग्न झालं. आमची ही दोनदा मिरजेला जाऊन आली. आक्काला जर्मन येत नाही, हिला मराठी येत नाही, पण दोघी दुपारभर शेंगा सोलत बसायच्या आणि हसायच्या. कशाला ते अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. ही गेल्यानंतर मात्र अण्णा मिरजेला गेले नाहीत. आक्का दर फोनला विचारायची, “कधी येतोस?” हे म्हणायचे, “येतो गं, पुढच्या वर्षी.” दर रविवारी सकाळी फ्रीडहोफवर बायकोच्या थडग्यापाशी जायचे, फुलझाडांना पाणी घालायचे, आठवड्याच्या बातम्या तिला सांगायचे. मराठीत. एकदा मी बरोबर होते. म्हटलं, “अण्णा, त्यांना मराठी कुठे येत होतं?” तर म्हणाले, “तिथे सवड आहे. शिकली असेल.”

आणि मग ते तिकीट निघालं.

हॅम्बर्गहून बोटीने समुद्रात बरंच आत गेलं की हेल्गोलांड नावाचं बेट लागतं. त्या बेटाच्या टोकाला पाण्यात एक लाल दगडाचा सुळका उभा आहे, एकटाच, उंचच उंच. माणसाने बांधलेला नाही, लाटांनी कोरलेला. त्याचं नाव लांगऽ आना, म्हणजे उंच आना. बेटावरच्या खानावळीत म्हणे कुणी एक उंच वाढपी बाई होती, तिच्यावरून पडलं. त्या सुळक्याचं चित्र असलेलं पोस्टाचं विशेष तिकीट निघालं, आणि अण्णांना ते खिडकीवर दिसलं. पुढचं काय सांगू! संध्याकाळी आम्हाला बोलावणं, नेहमीप्रमाणे कार्डाने, आणि कार्डावर तेच तिकीट. गेलो तर टेबलावर तिकिटांचे अखंड ताव पसरलेले.

“वाच, वाच खालची अक्षरं,” अण्णा म्हणाले.

मी वाचलं, “लांगऽ आना.”

“जर्मन नको वाचूस. मराठी डोक्याने वाच. लांगे म्हणजे लांब. पुढे काय?”

“अण्णा.”

“लांब अण्णा! अगं, सरकारने माझं तिकीट काढलं! आपल्याकडे मेल्याशिवाय कुणाचं निघत नाही. मी जिवंतपणी काढून दाखवलं.”

नवरा म्हणाला, “पण अण्णा, ती बाई आहे.”

“नाकीडोळी बघ की. माझ्यावरच गेलीय.”

त्या दिवसापासून जो भेटेल त्याला तिकीट. बेकरीवाली, डॉक्टर, आजीबाई, कुणी सुटलं नाही. आम्हाला बोटीत घालून हेल्गोलांडलाही नेलं. मुलगी जाताना ओकली, मी येताना ओकले. अण्णा मात्र वाऱ्यात त्या सुळक्यासमोर ताठ उभे राहिले आणि नवऱ्याला म्हणाले, “दोघांचे पाय एका रेषेत आले पाहिजेत.” तसा फोटो निघेपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही. तिथल्या एका माणसाने सांगितलं की दगड झिजतोय, कधीतरी कोसळणार. अण्णा म्हणाले, “आमच्या घराण्यात गुडघे जातातच.”

साहजिकच एक तिकीट मिरजेला गेलं. पाकिटावर, स्टीलच्या पट्टीने, काटकोनात. आत पत्र होतं एका ओळीचं. आक्का हुशार, तिला पाकीट बघून सगळं कळणार, मग जास्त लिहायचं कशाला? म्हणून यांनी लिहिलं : ‘आक्का, अखेर माझं तिकीट निघालं!’

झालं.

पुढच्या आठवड्यात आमच्या दाराची बेल वाजली. अण्णा दारात. कार्ड न टाकता स्वतः आले म्हणजे कुणीतरी गेलंच, असं मला वाटलं.

“आक्काचा फोन आला होता,” ते म्हणाले. “मला विचारते, कधीचं आहे रे?”

“काय कधीचं?”

“तिकीट!”

मला दोन मिनिटं कळेना, आणि कळलं तेव्हा मी जी हसत सुटले! पोस्टाचं तिकीट आणि विमानाचं तिकीट. मराठीत एकच शब्द, आणि दोन्ही निघतात.

“हसतेस काय?” अण्णा ओरडले. “तिने माडीवरच्या खोलीला रंग दिलाय. गादी नवीन भरून घेतलीय. माझे पाय बाहेर येतात म्हणून पलंगाला फळी जोडलीय. सुतार बोलावला होता तिने, सुतार! सगळ्या गल्लीला सांगून झालंय, आमचा अण्णा येतोय म्हणून.”

“मग सांगून टाका, पोस्टाचं तिकीट होतं म्हणून.”

“तू सांग. हा घे फोन. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला सांग, तुझा भाऊ येत नाहीये, दगडाचं चित्र आलंय.”

मी काही फोन घेतला नाही.

“मग जा की अण्णा,” मी म्हटलं. “एवढं काय त्यात? बहीणच आहे ना?”

अण्णा बसले. आमच्या खुर्चीत त्यांचे गुडघे छातीशी यायचे. बराच वेळ टेबलावरचं मीठ आणि तिखट एका रेषेत लावत राहिले. मग म्हणाले, “तीच तर पंचाईत आहे. आई आमची अंथरुणाला खिळलेली. मला वाढवलं आक्काने. माझ्यासाठी शाळा सोडली तिने. मी जन्मात कधी तिला नाही म्हटलेलं नाही. ही गेल्यापासून तिचं एकच चाललंय, एकटा तिकडे काय करतोस? फोनवर मी विषय बदलतो. पण समोर बसून, डोळ्यांत बघून तिने विचारलं ना, अण्णा, राहतोस का आता इथेच, तर मी हो म्हणणार. नाही म्हणायला मला येतच नाही तिला. आणि राहिलो तर हिचं काय? हिच्याकडे रविवारी कोण जाणार? मूलबाळ नाही, तिच्या माहेरचंही आता कुणी उरलं नाही. या देशात तिला माझ्याशिवाय कुणी नाही.”

“म्हणून इतकी वर्षं गेला नाहीत?”

“म्हणून.”

मला गहिवरून आलं आणि रागही आला. एवढा मोठा माणूस, आणि एका प्रश्नाला घाबरून बहिणीला झुरवत ठेवलंय! मी तसं बोललेही. म्हटलं, “अहो, त्यांचं वय काय, तुमचं काय. न गेलात आणि उद्या फोन आला, तर मग काय कराल? दिवाळीला मी सांगलीला माहेरी जातेय. मिरज तिथून हाकेच्या अंतरावर. माझ्याबरोबर चला, माझ्याबरोबर परत या. त्यांनी विचारलंच तर तेव्हा बघू.” ते उठून गेले. दोन दिवसांनी कार्ड आलं : ‘चालेल. खिडकीची जागा घ्यावी.’

विमानात बसल्या बसल्या त्यांनी खिडकीची चौकट अंगठ्याने दाबून बघितली, डोक्यावरचा कप्पा उघडझाप केला, आणि हवाईसुंदरीला बोलावून सांगितलं की फट एका बाजूला जास्त आहे. तिला वाटलं म्हातारा घाबरलाय. तिने त्यांना पाणी आणून दिलं. घाबरले होतेच ते, फक्त विमानाला नाही. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि ते तसेच अवघडून मुंबईपर्यंत जागे होते.

मिरजेची ती गल्ली तंबोरे करणाऱ्यांची. ओसरीवर वाळत टाकलेले भोपळे, लाकडाचा भुसा, कुठेतरी कुणी तार लावतंय. आक्का दारातच उभी होती. एवढीशी बाई! अण्णांच्या कमरेला जेमतेम लागली. तिने त्यांना नखशिखांत न्याहाळलं, त्याला वेळ लागलाच, आणि म्हणाली, “वाळलास.” मग माझ्याकडे वळून, “आत ये गं बाई. दमली असशील याला आणून.”

जेवणं झाली. हात पुसता पुसता आक्का सहज म्हणाली, “तो तुझा दगड देवघरात ठेवलाय बरं का. पाकीट पाण्यात भिजवून काढला नीट, फाटू दिला नाही. रंग छान आलाय.”

अण्णांचा हात पंचावरच थांबला. “म्हणजे? तुला कळलं होतं?”

“मला काय डोळे नाहीत? पाकिटावर हा एवढा तांबडा दगड. खालचं नाव नातवाकडून वाचून घेतलं. लांगे अण्णा. हसून हसून पुरेवाट झाली आमची.”

“मग फोनवर कधीचं आहे म्हणून का विचारलंस?”

“इतकी वर्षं सरळ विचारतेय, आलास? एरंडेल तुला मी कधी सांगून पाजलंय का रे?”

“सुतार? तो खोटा होता?”

“सुतार खरा. फोन ठेवल्यावर बोलावला. तू येणार हे ठाऊक होतं मला.”

मी तोंडाला पदर लावायचा तर ड्रेस घातलेला, म्हणून ओढणी लावून हसले. अण्णा तणतणत माडीवर गेले आणि त्या वाढवलेल्या पलंगावर आडवे झाले. संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. आक्का म्हणाली, “झोपू दे. पाय पुरतात का तेवढं बघून ये.” पुरत होते.

मी सांगलीला गेले. दिवाळी झाली, फराळ झाला, आणि परतीच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन अण्णांना न्यायला मिरजेला आले. अण्णा तयार होते, बॅग दाराशी. चेहरा मात्र उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अजून विचारलं नाही. रोज वाट बघतोय. सकाळी उठलो की वाटतं आज विचारणार. आता निघताना विचारेल बघ. आणि मग मी काय करू?” मला त्यांची फार दया आली.

आक्काने त्यांच्या तळहातावर दही घातलं. माझ्या, मुलीच्या हातावर घातलं. सून उंबऱ्याशी उभी. निघायची वेळ झाली तरी अण्णा हलेनात. शेवटी त्यांनाच राहवेना.

“आक्का, तू विचारलं नाहीस.”

“काय रे?”

“राहतोस का म्हणून.”

आक्का म्हणाली, “विचारलं असतं तर राहिला असतास.”

“हो.”

“म्हणूनच नाही विचारलं. तुझी ओळख मला नाही तर कुणाला? तुला एकदा डोळे भरून बघायचं होतं, बघितलं. मला इथे सून आहे, नातवंडं आहेत, गल्ली आहे. तिला तिकडे कोण आहे रे? परक्याच्या घरात नांदली पोर, आणि नांदली तीही चांगली. तिला एकटं टाकून इथे राहिला असतास तर मीच तुला घरात घेतलं नसतं.”

मग ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेला हिरवा खण घेऊन आली. तो तिने अण्णांच्या नाही, माझ्या हातात दिला. “सवाष्ण गेली गं ती. तिकडे कुणी ओटी भरली असेल का तिची? माझ्या मनातून हे जातच नाही. खण माझा. नारळ, तांदूळ तिकडचे घे. भरशील ना?”

मी हो म्हटलं. अण्णा वाकले, पार जमिनीपर्यंत, आणि आक्काच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, “ऊठ आता. गाडीवाला खोळंबलाय.”

हॅम्बर्गला पोचल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही फ्रीडहोफवर गेलो. पाऊस भुरभुरत होता. मेलेल्या माणसाची अशी मागाहून ओटी भरतात का, शास्त्रात बसतं की नाही, मला माहीत नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. कोरलेल्या नावाला हळदकुंकू लावलं. खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. शेजारच्या थडग्याशी आलेलं एक जोडपं आमच्याकडे बघत होतं. बघू दे म्हटलं.

अण्णा झारी हातात धरून उभे होते. माझं झाल्यावर ते पुढे आले, ओल्या मातीत गुडघे टेकून बसले आणि नेहमीसारखं तिला मराठीतच सांगायला लागले.

“आक्काने मला मागितलं नाही गं,” ते म्हणाले. “तुझ्याकडेच ठेवलं.”